ग्वाल्हेरचा किल्ला पूर्वेकडून चढावा

महोदय,

सुट्ट्यांचा हंगाम आला की पर्यटन पुरवण्यांतून आग्रा-ग्वाल्हेर-ओरछा असे सहलीचे बेत छापून येतात. त्यांत ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या वाट्याला दोन-अडीच तास येतात आणि वाट एकच सांगितलेली असते : पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने गाडी वर न्यायची, मानमंदिर महाल बघायचा, त्याच वाटेने उतरायचे. सोय आहे, वाद नाही. पण किल्ल्यातले सर्वांत मोलाचे दोन-तीन ऐवज त्या वाटेवर नाहीतच.

किल्ल्याचा डोंगर माथ्यावर सपाट, दक्षिणोत्तर सुमारे तीन किलोमीटर पसरलेला. कडा शहरापासून साधारण शंभर मीटर उंच. जुना राजमार्ग चढतो तो ईशान्येकडच्या जुन्या वस्तीतून. पायथ्याला १६६० सालचा आलमगिरी दरवाजा, मग बादलगढ, गणेश आणि लक्ष्मण हे दरवाजे, शेवटी महालाला लागून हत्ती दरवाजा. अंतर किलोमीटरभरही नाही, पण चढ सलग आहे आणि मध्ये सावली बेताचीच. या वाटेवर गाड्या नाहीत. सावकाश, थांबत-थांबत चढले तर अर्धा-पाऊण तास धरावा. मानमंदिराची पूर्वेची भिंत, कड्याच्या धारेवर उभी, गोल बुरुजांची, फक्त याच वाटेवरून नीट दिसते आणि तीही सकाळी, ऊन समोरून पडलेले असताना. गाडीने वर पोहोचलेला माणूस त्याच भिंतीच्या मागे उभा असतो. अंगावरच्या निळ्या-पिवळ्या-हिरव्या फरशा आणि बदकांची रांग त्याला दिसते, पण राजा मानसिंह तोमराने (१४८६ ते १५१६) महाल कड्याच्या टोकाशीच का उभारला, हे तिथून कळत नाही.

वरचे दरवाजे जवळ आले की कड्यात कोरलेले छोटे चतुर्भुज विष्णूचे मंदिर लागते. अखंड खडकातून काढलेले, खोलीएवढेच. वर जायच्या घाईत बहुतेक जण ते ओलांडून पुढे जातात. आत मूर्तीशेजारच्या भिंतीवर विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ मधला शिलालेख आहे. देवाला दिलेली फुलबाग २७० हात लांब व १८७ हात रुंद, आणि रोज ५० माळा, असा त्यात हिशेब आहे. २७० आणि ५० मधले शून्य आपल्या आजच्या शून्यासारखेच गोल, फक्त शेजारच्या आकड्यांपेक्षा थोडे लहान. अक्षरे उथळ आहेत, समोरून उजेड पाडला तर काहीच उमटत नाही. विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने तिरका उजेड पाडावा, म्हणजे आकडे उठून दिसतात. मोबाईलच्या झगझगीत फ्लॅशने फोटो सपाट येतो. लेखाला हात लावू नये, ओला फडका तर नकोच. मंदिराला कधी कुलूप असते. मग पहारेकऱ्याला विचारावे.

या लेखाला ‘जगातले पहिले शून्य’ म्हणायची प्रथा पडली आहे, तीही सोडावी. कंबोडियातल्या शके ६०५ च्या, म्हणजे इसवी सन ६८३ च्या लेखात शून्य ठिपक्याच्या रूपात आले आहे. ग्वाल्हेरच्या लेखाचे महत्त्व तेवढ्याने उणावत नाही. भारतात जागेवरच उभ्या असलेल्या, तारीख घातलेल्या दगडावर इतके स्पष्ट गोल शून्य बघायला मिळणे ही साधी गोष्ट नव्हे.

वेळेचा घोळ होतो तो गुजरी महालामुळे. पायथ्याच्या या महालात पुरातत्त्व संग्रहालय आहे. ते सकाळी दहाच्या सुमारास उघडते आणि सोमवारी बंद असते. ग्यारसपूरला सापडलेली शालभंजिका ही स्त्रीमूर्ती इथेच आहे, पण ती कुलुपात ठेवतात. मुद्दाम विचारल्याशिवाय दाखवत नाहीत. थंडीत दहा वाजता संग्रहालयापासून सुरुवात करून मग चढावे. मार्चनंतर मात्र क्रम उलटा हवा : उजाडताच चढायचे, उन्हे तापायच्या आत माथा बघून पूर्वेच्याच वाटेने उतरायचे, संग्रहालय शेवटी. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि माथ्यावरचे दगड संध्याकाळपर्यंत निवत नाहीत. माणशी दोन लिटर पाणी खालूनच न्यावे.

मानमंदिराचे दोन मजले जमिनीखाली आहेत. जिने अरुंद, पायऱ्या उंच-सखल, वटवाघळांचा वास. टॉर्चशिवाय उतरू नये. मुघलांनी हा किल्ला शाही तुरुंग म्हणून वापरला. औरंगजेबाचा भाऊ मुराद इथेच कैदेत होता, १६६१ मध्ये त्याला ठार केले गेले. शेजारचे विक्रम, कर्ण, जहांगीर हे महाल राज्य पुरातत्त्व खात्याकडे आहेत आणि त्यांचे तिकीट वेगळे. ‘एकदा काढले की झाले’ या समजुतीने दारात हुज्जत होते. मानमंदिराचे तिकीट फेकू नये, पुढच्या मंदिरांवर ते मागतात.

महालापासून सासबहू मंदिरे आणि तिथून तेली का मंदिर, ही चाल किलोमीटरच्या वर आहे. सासबहूमधले मोठे मंदिर विष्णूचे, लेख १०९३ चा. त्याच्या मागच्या कठड्यावरून पूर्वेचे शहर उत्तम दिसते. तेली का मंदिर आठव्या-नवव्या शतकातले, सुमारे तीस मीटर उंच, आणि त्याचे छप्पर उत्तरेतल्या शिखरांसारखे निमुळते नसून पिंपासारखे गोलाकार आहे. घाई असेल तर सासबहू थोडक्यात आटोपावे, पण हे सोडू नये.

थंडीत, संग्रहालय आधीच झालेले असल्याने, उतरताना उरवाईची वाट घ्यावी. दोन्ही बाजूंच्या कड्यात तोमर राजवटीत, पंधराव्या शतकात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत, सर्वांत मोठी सुमारे १७ मीटरची. बाबराच्या हुकमाने फोडलेले चेहरे नंतर गिलाव्याने दुरुस्त केलेले ओळखू येतात. रस्ता अरुंद असल्याने गाडी मध्येच थांबवता येत नाही. पायीच बघावे लागते. पूर्वेला चढून पश्चिमेला उतरणाऱ्यांची नेहमीची फजिती म्हणजे चालक आलमगिरी दरवाजाशी वाट बघत बसलेला असतो. सोडतानाच त्याला उरवाईच्या पायथ्याला यायला सांगावे.

याच पश्चिमेच्या कड्यावरून ३ ऑगस्ट १७८० च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या पॉपहॅम या अधिकाऱ्याच्या तुकडीने, पायांत कापूस भरलेले जोडे घालून, शिड्या लावून महादजी शिंद्यांच्या ताब्यातला हा अभेद्य मानलेला किल्ला घेतला. महादजींनी तो १७८३ मध्ये परत मिळवला. मराठी वाचकांसाठीच्या बेतांत एवढी एक ओळ तरी यायला हवी होती.

ज्यांना चढ झेपत नाही त्यांनी गाडीने वर जावे आणि हत्ती दरवाजातून हळूहळू खाली उतरावे. महालाची भिंत मागे वळून-वळून बघावी लागेल, पण शून्य आणि गुजरी महाल दोन्ही साधतील. उताराला गुडघे दुखतात, हातात काठी असावी.

– एक वाचक