शायर सुखरूप कसे?

रविवारच्या पुरवणीतील ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटांवरचा लेख वाचला. टॉल्किन यांच्या मूळ कादंबरीतले जे पडद्यावर आले नाही ते अनावश्यकच होते, हे लेखातील मत पटले नाही. टॉम बॉम्बाडिल या रानातल्या गूढ पात्राला वगळले हे मान्य. त्याच्यावाचून कथा अडत नाही. पण शेवटून दुसऱ्या प्रकरणाचे तसे नाही. त्यात मोहिमेवर गेलेले चारही हॉबिट (बुटक्या जमातीतले नायक) घरी परततात तेव्हा शायर या त्यांच्या मायभूमीतली झाडे तोडलेली असतात, गावावर दुष्ट जादूगार सारुमानच्या गुंडांचा अंमल असतो आणि त्यांना हुसकावताना १९ हॉबिट मारले जातात. २००३च्या चित्रपटात मात्र शायर जसेच्या तसे हिरवेगार! टॉल्किन स्वतः १९१६ साली पहिल्या महायुद्धातील सोमच्या लढाईत होते. दूरचे युद्ध जिंकून परतलेल्याला त्याचे जुने घर सापडत नाही, ही जाणीव मला त्या प्रकरणाच्या ओळीओळीत दिसते. ती गाळल्यामुळे त्या चौघांतल्या फ्रोडोचे शेवटी शायर सोडून निघून जाणे पडद्यावर केवळ हळवे वाटते, पुस्तकात ते अटळ वाटते. गॅलाड्रिएल या पात्राच्या जादुई आरशात पहिल्या चित्रपटाने जळणाऱ्या शायरची झलक दाखवली होती. ती पाहिलेला प्रेक्षक हे प्रकरणही नक्की पेलू शकला असता.

– एक वाचक, पुणे