अण्णांनी फुली मारलेले दगड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी 30 सप्टेंबर जवळ आला की आपल्या वृत्तपत्रात किल्लारीच्या भूकंपाच्या आठवणी येतात. त्या यायलाच हव्यात. या वर्षी मला त्यानंतर घरं बांधणाऱ्या एका माणसाबद्दल लिहायचं आहे. ते माझे वडील. औसा तालुक्यात गवंडी होते, गेल्या आषाढात वारले. पंचक्रोशीत सगळे त्यांना अण्णा मिस्त्री म्हणत.

दगडाशी त्यांची गाठ 1972 च्या दुष्काळात पडली. विशीतला पोरगा, शेतात दाणा नाही, म्हणून दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. तिथे एका म्हाताऱ्या पाथरवटाने त्यांना दगडाची शीर ओळखायला शिकवलं. खडीवरून घडाईवर आले, घडाईवरून भिंतीवर. पुढची वीस वर्षं त्यांनी गावोगाव घरं बांधली, तशीच, जशी आमच्याकडे सगळेच बांधत.

ती घरं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. अडीच-तीन फूट रुंद भिंत. बाहेरून दगडाचा एक थर, आतून एक, मधे कपच्या आणि माती. वर तुळया, फळ्या आणि मातीचं जाड माळवद. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर नवी माती पडायची, जुनी मात्र कोणी उतरवत नसे. उन्हाळ्यात घर माठासारखं गार राहायचं. पण भिंतीच्या दोन थरांना एकमेकांत बांधणारं काहीच नसायचं.

1993 साली त्या रात्री गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. भिंतींचे थर सुटले आणि दगडमाती झोपलेल्या माणसांवर आली. जवळपास 10 हजार माणसं गेली. आमचं घर खणाचं, म्हणजे लाकडी खांबांवर उभं होतं. भिंती बाहेरच्या अंगाला पडल्या, पण खांब-तुळयांवर माळवद तोलून राहिलं. आजी, आई आणि आम्ही तिघी बहिणी वाचलो. आम्हाला अंगणात बसवून अण्णा मदतीला गेले ते चौथ्या दिवशी परत आले. हाताची नखं गेलेली होती. कोणाशी बोलले नाहीत.

पुष्कळ वर्षांनी, माझं लग्न ठरल्यावर, त्यांनी मला एकदाच सांगितलं. उकरलेल्या घरांपैकी एकाची भिंत त्यांनीच बांधलेली होती. आत तीन माणसं होती. "दगड नुस्ता मातीत टेकवला होता गं मी," एवढंच म्हणाले.

पुनर्वसनाच्या काळात सरकारने गवंड्यांना शिकवायला सुरुवात केली, तेव्हा चाळिशी ओलांडलेले अण्णा पहिल्या रांगेत जाऊन बसले. तिथे त्यांना आरपार दगड कळला. भिंतीच्या पूर्ण रुंदीएवढा एकच लांब दगड, जो आतला आणि बाहेरचा थर धरून ठेवतो. दर दोन फूट उंचीला एक ओळ, आणि ओळीत दर चार फुटांच्या आत एक दगड. लिंटेलच्या, म्हणजे दार-खिडक्यांच्या माथ्याच्या उंचीवर घराला चहूबाजूंनी पट्टी. जुनी भिंत पाडायची नसेल तर तिच्यातला एकेक दगड हळूच काढून आरपार भोक पाडायचं, टोकं वाकवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं. माळवदावरची जादा माती उतरवायची. या गोष्टी त्यांनी वहीत लिहून घेतल्या नाहीत, त्यांना लिहिता येत नव्हतं. ते घरी येऊन आम्हा बहिणींना सांगायचे आणि आम्ही शाळेच्या वहीत उतरवून घ्यायचो. मोजमापं मला अजून पाठ आहेत.

त्यानंतर एकही भिंत त्यांनी आरपार दगडाशिवाय बांधली नाही. बसवलेल्या प्रत्येक आरपार दगडाच्या तोंडावर छन्नीने फुली मारायचे, म्हणजे मालकालाही मोजता याव्यात. एका मालकाने लांब दगडाचा खर्च वाचवायला अण्णा नसताना दुसऱ्याकडून चार फूट भिंत चढवून घेतली. अण्णांनी ओळंबा गुंडाळून पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "उतरवा, मग येतो." दीड महिन्याची मजुरी गेली. भिंत उतरली तेव्हाच ते त्या कामावर परत गेले.

आम्ही स्वतः मात्र सहा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये होतो. लोकांची घरं आधी, हे आईला पटत नव्हतं आणि तिचं चुकतही नव्हतं. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली आजीचे फार हाल झाले. अखेर 1999 मध्ये आमचं घर उभं राहिलं. तरी आई आत झोपेना. मग अण्णांनी तिच्या खाटेशेजारच्या भिंतीला गिलावाच केला नाही. त्या भिंतीतल्या फुल्यांवर चुना भरला, कंदिलाच्या उजेडातही दिसाव्यात म्हणून. चौदा फुल्या आहेत. आई रोज त्या मोजायची आणि मग आडवी व्हायची. काही दिवस अण्णाही तिच्याबरोबर मोठ्याने मोजत.

आम्हा बहिणींची स्थळं पाहायला गेले की चहा येण्याआधी ते घराच्या भिंतीला हात लावून यायचे. माझं सासर जुन्या भिंतींचं. नवरा मुलगा पसंत होता, घर नव्हतं. लग्नाआधी पंधरा दिवस अण्णा एका बिगाऱ्याला घेऊन तिथे राहिले, सळया आणि सिमेंट स्वतःचं, आणि आमच्या निजायच्या खोलीच्या चारही भिंती शिवून दिल्या. माझ्या लग्नात त्यांनी दिलेली भेट म्हणजे ती खोली. माझी दोन्ही मुलं त्याच खोलीत लहानाची मोठी झाली.

या खंडेनवमीला त्यांची थापी, गुण्या आणि ओळंबा त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलाच्या घरी पुजले जातील. आईनेच ते त्याला दिले.

हे पत्र लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. लातूर-धाराशिवकडच्या गावांत आता ही घरं वाढवली जात आहेत. नव्या दारासाठी, कपाटासाठी, कूलरच्या खिडकीसाठी भिंती फोडल्या जातात. आपलं वृत्तपत्र या गावांत घरोघरी वाचलं जातं, म्हणून विनंती करते. भिंत फोडताना दगडावर छन्नीची फुली दिसली, तर कृपया तो दगड काढू नका. दार हातभर सरकवून घ्या.

आपली,
अण्णा मिस्त्रींची थोरली लेक
ता. औसा, जि. लातूर