‘ओळखलंत का?’ असं विचारू नका

संपादक महोदय,

२१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनी ज्येष्ठांच्या निवासांत व्याख्यानं होतात. रोजच्या वावरातले बदल मात्र राहून जातात. दारासमोरचं काळं पायपुसणं रुग्णाला खड्डा वाटू शकतं आणि आजोबा उंबऱ्याशीच अडतात. ते फरशीच्याच रंगाचं, न सरकणारं हवं. कमोडची बैठक उलट गडद रंगाची हवी, कारण पांढऱ्यावर पांढरी दिसत नाही. संध्याकाळी घालमेल वाढते, म्हणून दिवे अंधारायच्या आधीच लावावेत.

जेवणाच्या टेबलावर शेजाऱ्यांनी ‘ओळखलंत का?’ विचारूच नये. उत्तर आलं नाही की माणूस ओशाळतो आणि दुसऱ्या दिवसापासून खोलीतच जेवतो. ‘मी जोशी, वरच्या मजल्यावरचा’ असं आपणच सांगावं. एका वेळी एकच सूचना द्यावी आणि उत्तरासाठी मनात दहापर्यंत मोजावं. भजनाला, मटार सोलायला त्यांना आवर्जून बसवावं.

दोन-तीन दिवसांत गोंधळ एकदम वाढला, तर मात्र ‘आजार बळावला’ म्हणून थांबू नये. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, कमी पाणी किंवा नवं औषध हे कारण असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

– ज्येष्ठ निवासातील काळजीवाहक, पुणे