सच्यास, नाल्याकाठच्या जागेबद्दल

सोलापूर

प्रिय सच्या,

काय बे, फोटो मिळाले. घोटाभर पाण्याच्या नाल्यात ट्रकएवढे धोंडे आले कुठून असं विचारलंयस, आणि त्याच फोटोच्या कोपऱ्यात तुझ्या लेबर कॅम्पला आखलेली जागा दिसतीय, म्हणून मेसेजवर न उरकता सगळं लिहितोय, शेवटपर्यंत वाच.

आपल्याकडं पूर म्हणजे सीना नदीचा. २०२५ च्या सप्टेंबरात माढा-मोहोळकडं पाणी शेतात घुसलं, कुठं माती खरवडून नेली, कुठं बारीक गाळ बसवून गेलं. तिकडं उत्तराखंडात, तुझ्या चमोलीत जे येतं ते निराळंच, त्याला डेब्रिज फ्लो म्हणतात, म्हणजे दगडमातीचा लोंढा. त्यात निम्म्याहून जास्त घनफळ दगड-माती-वाळूचं असतं, पाणी कमीच. घनमीटरला दोन टनांच्या आसपास वजन, मिक्सरमधून ओतलेलं काँक्रीटच म्हण की. असल्या जड राड्यात धोंडा पाण्यात लागतो त्याच्या निम्म्यानंही जड लागत नाही, म्हणून तो वाहून येतो.

पण खरी गोम नाल्याच्या तळात आहे. वरनं सुटलेली दरड बऱ्याचदा छोटीच असते, पोट भरतं ते वाटेत. तळातला गाळ ओला असला की वरून लोंढा चढतो, दगडमातीच्या फटीतलं पाणी दाबलं जातं, त्याला निघायला वेळच मिळत नाही, कण एकमेकांना धरून राहत नाहीत आणि तो तळच उठून लोंढ्याबरोबर चालायला लागतो. अमेरिकेत ओरेगॉनला ९५ मीटर लांब, ३१ अंश उताराची काँक्रीटची घसरण बांधलीय, तिथं हेच करून बघितलं. तळाला ओला गाळ पसरला तर लोंढा वाढला आणि वेगही वाढला. मला वाटलं असतं ओझं वाढल्यावर मंदावेल, पण तसं कोरड्या गाळावरच होतं. म्हणजे नाला खरवडून खडक उघडा पडला असेल तर थोडी वर्षं जरा निवांत, आणि सुट्या दगडमातीनं भरलेला असेल तर सावध राहायचं. तुझा दुसऱ्या जातीचा दिसतोय, फोटो झूम करून बघ.

आता थांबतो कसा ते. मोठे धोंडे तोंडाशी गोळा होतात, तिथलं पाणी झिरपून जातं, मागचा पातळ चिखल त्यांना ढकलत आणतो आणि बाजूला सारत जातो, त्यामुळं दोन्ही काठांना दगडांचे बांध पडतात. उतार कमी झाला किंवा घळ संपून जागा मोकळी झाली की तोंड अडतं, मागनं येणारा माल तुंबतो, आणि पुढचा लोंढा नवीन वाट काढतो. असं डावीउजवीकडं करत करत पंखाकृती सपाटी तयार होते. सच्या, तुझी कॅम्पची जागा तीच हाय बे! नाला सध्या पलीकडच्या कडेनं वाहतोय म्हणून तुझी कड सुटली असं अजिबात नाही.

खात्री करायची तर जेसीबीनं खणलेल्या खड्ड्याची भिंत बघ. आपल्या नदीकाठी थरावर थर दिसतात, तिथं थर नसतील, चिखलात लहानमोठे दगड रुतवल्यासारखे विखुरलेले, मोठे बऱ्याचदा वरच्या अंगाला. काठच्या झाडांच्या साली डोंगराकडच्या बाजूनं सोललेल्यात का तेही बघ, किती उंचीपर्यंत ते टेपनं मोज.

डोंगर लांब आहे असं साहेबाला म्हणू देऊ नको. ३० जुलै २०१४ ला माळीणमध्ये डोंगर थेट गावावर आला, पण बरोबर दहा वर्षांनी त्याच तारखेला वायनाडला दरड पुंचिरिमट्टमच्या वर सुटली आणि राडा नदीपात्रातून जवळपास आठ किलोमीटर खाली गेला, मुंडक्काई, चूरलमला सगळं वाटेत.

कॅम्प बाजूच्या दांडावर चढव. पाण्याचा टँकर वर न्यायला खर्च जास्त येईल, कंत्राटदार कुरकुरेल, कुरकुरू दे. खड्ड्याचे फोटो उद्याच पाठव, पावसाआधी ठरवायला पाहिजे. आणि पिनकोड धड लिही, आईनं शेंगाची चटणी नि कडक भाकरी बांधून ठेवलीय.

तुझा,
महेश