विजेची गाडी आणि आलिशान गाडीची पहिली पायरी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विजेच्या गाड्यांनी आलिशान गाड्यांचा बाजार बुडवला, असे हल्ली सर्रास लिहिले-बोलले जाते आणि पुरावा म्हणून चीनचे आकडे पुढे केले जातात. आकडे खरे आहेत. पण ते जसेच्या तसे बेळगाव, निपाणी, चिक्कोडी, खानापूरच्या ग्राहकाला लावले की हिशेब चुकतो. आपल्याकडे कोटीच्या वरच्या गाड्यांना विजेचा फारसा धक्का लागलेला नाही. हलली आहे ती ४५ ते ६० लाखांची पहिली पायरी, आणि तिला बॅटरीपेक्षा कराने जास्त हलवले आहे.

आधी चीनचे पाहू. आलिशान गाड्या बनवणाऱ्या जर्मन पोर्शेने २०२१ मध्ये तिथे ९५ हजारांहून जास्त गाड्या विकल्या. २०२४ मध्ये तो आकडा ५७ हजारांच्या आत आला. त्याच २०२४ च्या मार्चमध्ये मोबाइल बनवणाऱ्या शाओमीने एसयू७ ही विजेची सेदान २ लाख १५ हजार ९०० युआनपासून विकायला काढली आणि वर्षअखेरपर्यंत १ लाख ३० हजारांहून जास्त गाड्या ग्राहकांच्या दारात उभ्या केल्या. इथवर सगळे सांगतात. पोर्शेची स्वतःची विजेची टायकान त्याच वर्षी जगभरात जवळजवळ निम्म्यावर आली, हे मात्र कोणी सांगत नाही. तिथे पेट्रोल विजेकडून हरले असे म्हणण्यापेक्षा महागडा बिल्ला स्वस्त आणि तितक्याच वेगवान गाडीकडून हरला, असे म्हणणे बरोबर ठरेल. घरबांधणीतल्या मंदीने तिथल्या श्रीमंतांचा हात आखडला, तेही जमेस धरावे लागते.

भारतात आलिशान गाड्या एकूण मोटारींच्या साधारण १ टक्का. २०२४ मध्ये ५० हजारांच्या आसपास. मर्सिडीजच्या त्या वर्षी १९,५६५ गाड्या गेल्या. बीएमडब्ल्यू समूहाच्या १५,७२१ गेल्या, त्यांत विजेच्या १,२४९. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, बीएमडब्ल्यू १८,००१ वर पोचली आणि त्यांत विजेच्या ३,७५३ होत्या. आता वजाबाकी करा. एकूण वाढ २,२८० गाड्यांची, आणि विजेच्या गाड्यांची वाढ २,५०४. म्हणजे पेट्रोल-डिझेलच्या गाड्या दोनएकशेने कमीच झाल्या आणि कंपनीची सगळी वाढ विजेवर झाली. विजेने आलिशान गाडी संपवलेली नाही, निदान या कंपनीत तरी तिनेच धंदा वाढवला आहे.

याचे मुख्य कारण एकच मॉडेल आहे. जानेवारी २०२५ मध्ये चेन्नईत जोडलेली, लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) विजेची आयएक्स१ ४९ लाखांना आली. पेट्रोल एक्स१ ची किंमतही जवळपास तेवढीच. बॅटरी ६६.४ किलोवॅट-तासांची, कागदावरची रेंज ५३१ किलोमीटर, आणि मागच्या सीटवर पाय ठेवायला जास्त जागा. त्याच किमतीच्या पेट्रोल एक्स१ मध्ये दीड लिटरचे तीन सिलिंडरांचे १३६ अश्वशक्तीचे इंजिन. शोरूममध्ये या दोन गाड्या शेजारी उभ्या राहिल्यावर ग्राहकाला फार समजावून सांगावे लागत नाही.

पण बॅटरी महाग असताना किंमत सारखी कशी? इथे कर येतो. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के. मोठ्या पेट्रोल-डिझेल गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के जीएसटी आणि वर २० ते २२ टक्के उपकर होता. त्या तारखेपासून उपकर गेला आणि सरसकट ४० टक्के झाले. ५० लाख एक्स-शोरूमच्या पेट्रोल गाडीत आज सुमारे १४ लाख २९ हजार जीएसटीचे, तर ५० लाखांच्या विजेच्या गाडीत जेमतेम २ लाख ३८ हजार. मधल्या जवळपास १२ लाखांत कंपनीने बॅटरी बसवली आहे. सप्टेंबर २०२५ च्या बदलाने पेट्रोलच्या मोठ्या गाड्या साडेसहा टक्क्यांपर्यंत स्वस्त झाल्या, विजेच्या होत्या तिथेच राहिल्या, म्हणजे ही दरी थोडी बुजलीच. उद्या दर पुन्हा बदलले तर विक्रीचे आकडेही बदलतील. त्यामुळे ‘तंत्रज्ञान जिंकले’ असे कोणी म्हटले की आम्ही आधी कराचा तक्ता मागतो.

दुसरा धक्का खालून आहे, आणि सीमाभागात तोच जास्त जाणवतो. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्या नोव्हेंबर २०२४ मध्ये १८.९० आणि २१.९० लाखांपासून जाहीर झाल्या. टाटाची हॅरियर ईव्ही जून २०२५ मध्ये २१.४९ लाखांपासून. या गाड्यांच्या वरच्या आवृत्त्या २७ ते ३० लाखांच्या घरात जातात. शांत केबिन, पाय ठेवताच उसळणारी ताकद, मोठे पडदे, चारी बाजूंचे कॅमेरे यांसाठी पूर्वी ४५ लाख मोजावे लागत. दोन इलेक्ट्रिक मोटर असलेली हॅरियर ईव्ही ० ते १०० चा वेग ६.३ सेकंदांत गाठते असे कंपनी सांगते. वर सांगितलेल्या पेट्रोल एक्स१ ला ९ सेकंदांहून जास्त लागतात. साखर, द्राक्ष बेदाणा किंवा तंबाखूच्या व्यवहारात चार पैसे मिळवून पहिल्यांदाच ‘मोठी गाडी’ घेऊ पाहणारा माणूस इथे थबकतो. खराब रस्त्यावरची सस्पेन्शनची मऊ चाल, सीटचे काम, पाच वर्षांनंतरही दारातून आवाज न येणे या गोष्टी मात्र इलेक्ट्रिक मोटरबरोबर फुकट येत नाहीत. तिथे जुनी जर्मन नावे अजून पुढे आहेत. आणि ज्याला बिल्लाच हवा आहे, तो सेकंदांचा हिशेब करत नाही.

आता सीमाभागाचा खास विषय: नोंदणी. कर्नाटकात २० लाखांवरील पेट्रोल-डिझेल गाडीला १८ टक्के लाइफटाइम टॅक्स आहे, त्यावरचा उपकर धरून जवळपास २०. म्हणजे ५० लाखांच्या गाडीवर १० लाख. विजेच्या गाड्यांना इथे बरीच वर्षे पूर्ण माफी होती. २०२४ मध्ये २५ लाखांवरील विजेच्या गाड्यांना १० टक्के कर लागला. (२५ लाखांखालच्या गाडीचा दर नोंदणीच्या आठवड्यात आरटीओतच विचारावा, हे दर अर्थसंकल्पागणिक हलतात.) महाराष्ट्रात २० लाखांवरील पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के, डिझेलला १५. तिथे २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरील विजेच्या गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला होता, तो मागे घेतला गेला आणि नव्या धोरणात विजेच्या गाडीला मोटार वाहन कर माफ राहिला. म्हणून ५० लाखांच्या विजेच्या गाडीवर बेळगावात ५ लाख आणि वर उपकर, तर कोल्हापुरात शून्य.

मग कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर एम.एच. ०९ हा तिथला क्रमांक घ्यायची युक्ती निघते. ती टिकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४० प्रमाणे गाडी जिथे राहते किंवा धंदा चालतो, त्या राज्यात नोंदवायची असते. कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवलेल्या गाडीला तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो: मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत, इकडे फॉर्म २७ चा अर्ज, आणि गाडीच्या वयाप्रमाणे इथला कर. पेट्रोल गाडीचा महाराष्ट्रात भरलेला कर परत मागता तरी येतो. विजेच्या गाडीवर तिथे काही भरलेलेच नसते, त्यामुळे परत काहीच येत नाही आणि इथला कर पूर्ण खिशातून जातो. कर्जावरची गाडी असेल तर बँकेचीही ना-हरकत लागते आणि तिलाच सर्वांत जास्त वेळ लागतो.

उद्यमबाग, मच्छे, काकतीच्या कारखानदारांनी फर्मच्या नावावर गाडी घेताना आणखी एक आकडा पाहावा. आयकरात साध्या मोटारीचा घसारा १५ टक्के, विजेवर चालणाऱ्या वाहनाचा ४० टक्के. ५० लाखांवर पहिल्या पूर्ण वर्षी ७.५ लाखांऐवजी २० लाख वजावट. ३० टक्के कराच्या हिशेबाने पहिल्या वर्षी पावणेचार लाखांचा फरक. हा कर माफ होत नाही, फक्त आधी वाचतो. पुढच्या वर्षांत वजावट तितकी कमी उरते. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर दर निम्मा, म्हणून मार्चमध्ये घाईने घेतलेल्या गाडीत मजा नाही. जीएसटीची वजावट स्वतःच्या वापराच्या मोटारीवर दोन्हीकडे मिळत नाही. ज्यांच्या फाउंड्रीत इंजिनाचे सुटे भाग ओततात, त्यांनाच इंजिन नसलेल्या गाडीवर घसारा जास्त मिळतो, ही आपली गंमत.

विक्री अडते ती बहुतेक वेळा घरच्या विजेवर. ७.२ किलोवॅटचा चार्जर २३० व्होल्टला ३२ अँपिअर ओढतो. शहापूर, वडगावच्या जुन्या घरांत हेस्कॉमचे (इथल्या वीज कंपनीचे) मंजूर लोड २-३ किलोवॅटच असते. बिलावर ते छापलेले असते, गाडीची बुकिंग करण्याआधी बघावे आणि लोड वाढवून घ्यावे. लाइन थेट मीटरपासून स्वतंत्र ओढावी. २५ मीटरपर्यंत ६ चौरस मिमी तांब्याची वायर पुरते, त्यात ५ व्होल्टच्या आसपास घट येते. त्याहून लांब असेल तर १० चौरस मिमी. ४० अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) लावावा, पण चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती पकडण्याची सोय असेल तरच. नसेल तर टाइप बी. दुकानात स्वस्तात मिळणारा टाइप एसी इथे लावूच नये. डीसी गळती झाली की तो सुस्त होतो आणि खरा शॉक बसताना पडत नाही. १५ अँपिअरच्या भिंतीतल्या सॉकेटवर रोज दहा-दहा तास गाडी लावली की आधी प्लगची पिन तापते, मग सॉकेट वितळते.

खानापूर पट्ट्यात जांभ्या दगडात अर्थिंगचा रोध एप्रिल-मे मध्ये वाढतो आणि चार्जर अर्थ फॉल्ट दाखवून थांबतो. लोक गाडीला दोष देतात. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालून अर्थ टेस्टरने पुन्हा मोजले की उलगडा होतो, रोध ५ ओहमच्या आत हवा. ग्रामीण भागात पंपांना थ्री-फेज सुटली की व्होल्टेज १८० च्या आसपास येते आणि चार्जिंग बंद पडते. अशा वेळी चार्जरचा करंट ३२ वरून १६ अँपिअरवर आणावा. वेळ दुप्पट लागतो पण रात्रभरात काम होते. जनरेटरवर कित्येक चार्जर चालूच होत नाहीत, कारण त्याचा न्यूट्रल जमिनीशी जोडलेला नसतो.

लांबच्या प्रवासाचे म्हणाल तर कंपनीची रेंज बाजूला ठेवून हायवेला युनिटमागे ६ किलोमीटर धरावे. पुण्याचे साधारण ३४० किलोमीटर म्हणजे ५७ युनिट: ७९ युनिटची (किलोवॅट-तासांची) बॅटरी असेल तर न थांबता पोचता येते, ५९ ची असेल तर वाटेत एकदा थांबलेच पाहिजे. वेग १२० केला तर हा हिशेब सोडून द्या. गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाची भीती मात्र उगाच आहे. गोव्याकडून वर येताना सव्वादोन टनांची गाडी साडेसातशे मीटर चढवायला सपाट रस्त्यापेक्षा सुमारे साडेपाच युनिट जास्त लागतात, आणि उतरताना त्यातली निम्मी परत मिळतात. बॅटरी पूर्ण भरलेली असताना उतारावर वीज परत घेतली जात नाही, पण बेळगावहून घाटमाथ्यावरच्या कणकुंबीपर्यंत ती पुरेशी उतरलेली असते.

आणि शेवटी जुन्या गाड्या. तीन-चार वर्षे वापरलेली डिझेल आलिशान गाडी मुंबई-पुण्याहून आणणे हा इथला जुना रिवाज. विजेच्या बाबतीत बॅटरीच्या आरोग्याचा अधिकृत सर्व्हिस सेंटरचा लेखी अहवाल घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. वॉरंटी दुसऱ्या मालकाला किती उरते तेही वाचावे. महिंद्राची पहिल्या खासगी मालकाला असलेली बॅटरीची आयुष्यभराची वॉरंटी मालक बदलताच १० वर्षे किंवा २ लाख किलोमीटरवर येते.

एक सूचना आपल्याला. वाहन पुरवणीत गाडीची एक्स-शोरूम किंमत छापता तिथेच के.ए. २२ (बेळगाव) आणि एम.एच. ०९ (कोल्हापूर) अशा दोन्ही नोंदण्यांची ऑन-रोड किंमत, पेट्रोल आणि वीज शेजारी शेजारी, छापावी. सीमाभागातला ग्राहक शोरूममध्ये शिरण्याआधी तेच चार आकडे शोधत असतो.

आपले,
वाहन व विद्युत कामातील दोन वाचक
टिळकवाडी, बेळगाव