मुक्काम तटाबाहेर करावा

जैसलमेरच्या पर्यटनस्थळांवरील रविवार पुरवणीतील लेख वाचला. पटवांची हवेली, गडीसर तलाव, सम येथील वाळूच्या टेकड्या यांची माहिती उत्तम आहे. मात्र किल्ल्यातच उतरण्याचा सल्ला पटला नाही. ११५६ साली वसवलेल्या या किल्ल्यात आजही लोकवस्ती आहे. जेमतेम पावसाच्या मुलखातले हे बांधकाम; नळाचे पाणी आणि हॉटेलांच्या न्हाणीघरांचे सांडपाणी त्याला कसे झेपणार? ते पाणी पायात मुरते, टेकडीची माती भुसभुशीत होते आणि पिवळ्या दगडांचे बुरूज खचतात. काही बुरूज कोसळलेही आहेत. पर्यटकांनी किल्ला दिवसभर मनसोक्त पाहावा, जैन मंदिरांतील कोरीवकाम डोळे भरून न्याहाळावे. रात्री मात्र तटाखालच्या शहरात उतरावे. पुढील लेखात एवढी सूचना जरूर छापावी, ही विनंती.