दोन गाण्यांमधला आवाज भरताड नव्हे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत एका स्वतंत्र बँडच्या स्पेस रॉक (लांबत जाणाऱ्या आवाजांतून अंतराळाचा भास देणारे रॉक संगीत) अल्बमचे परीक्षण वाचले. मराठी वृत्तपत्राने अशा संगीताला पाऊण पान दिले, याचे कौतुकच आहे. पण गाण्यांच्या मध्ये येणारी खरखर, लांबत जाणारे सूर आणि पुटपुटणे म्हणजे भरताड, ते गाळून निवडक तीन गाणी ऐकली तरी पुरे, हा त्यातला निष्कर्ष पटण्याजोगा नाही. एका सूत्रात ओवलेल्या अल्बममध्ये सर्वाधिक मेहनत या सांध्यांवरच होते आणि असा अल्बम फसतो तोही बहुधा सांध्यातच. पुण्यात ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग (सुटे मुद्रित आवाज जुळवून एक करणे) करणाऱ्या आम्हा काही जणांना याविषयी जरा तपशिलात लिहावेसे वाटले.

पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ आणि हॉकविंडचा ‘स्पेस रिच्युअल’ हे दोन्ही अल्बम १९७३ चे. पहिला सुमारे ४३ मिनिटांचा. तबकडी उलटवायची तेवढाच काय तो खंड, एरवी एक गाणे दुसऱ्यात विरघळत जाते. दुसरा प्रत्यक्ष मैफलींत मुद्रित झालेला आणि त्यात गाण्यांच्या मध्ये इलेक्ट्रॉनिक आवाजांवर कवितावाचन आहे. म्हणजे मधले आवाज ही संगणकाने आणलेली नवी टूम नव्हे, या प्रकाराचा पायाच तो आहे. त्या काळी बिन्सन एकोरेक नावाचे प्रतिध्वनीचे इटालियन यंत्र वापरत. फिरत्या चुंबकीय चकतीवर आवाज टिपून ते पुन्हा वाजवी आणि दर फेरीत आवाजाची धार थोडी झिजे. आजच्या प्लगिनमध्ये (संगणकावरच्या ध्वनिसाधनात) ही झीज मुद्दाम घालावी लागते. डिलेच्या (प्रतिध्वनी देणाऱ्या साधनाच्या) फीडबॅकमध्ये, म्हणजे पुन्हा आत फिरवलेल्या आवाजात, ३-४ किलोहर्ट्झच्या वरचा भाग कापला नाही, तर पाचवा प्रतिध्वनीही पहिल्याइतकाच टोकदार राहतो आणि गायकाच्या पुढच्या ओळीवर चढतो.

रिव्हर्बचे (आवाजाच्या घुमाऱ्याचे) बटण शेवटपर्यंत फिरवले की अवकाश तयार होते, हा नव्या बँडचा आवडता गैरसमज. अवकाशाचा भास आधी लयीच्या हिशेबातून येतो. ६०,००० ला गाण्याच्या गतीने, म्हणजे मिनिटातल्या ठोक्यांनी, भागले की एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. ८४ च्या गतीला ते ७१४ आणि पाऊण ठोक्याचा डिले ५३६. ही ८४ ची गती उगाच घेतलेली नाही. बी०३२९+५४ हा पल्सार (ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद देणारा तारा) ०.७१४५ सेकंदाला एक स्पंद देतो, म्हणजे मिनिटाला जवळपास ८४. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या असताना पुण्यातल्या बँडला पल्सारचा मोह होणे साहजिक आहे. पण पल्सारच्या नोंदीचा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) आणि ८४ वर लावलेला ड्रम एकत्र चालवला, तर दर ठोक्याला सेकंदाच्या सुमारे पाव सहस्रांशाचा फरक साचत जातो. पाच मिनिटांच्या गाण्यात ४२० ठोके धरा. शेवटी लूप आणि ड्रम जवळजवळ १०० मिलिसेकंदांनी फाकतात आणि ड्रमर बेताल असल्यासारखे वाटते. प्रकल्पाची गती ८३.९७ ठेवली की हा दोष जातो. क्रॅब अभ्रिकेतला पल्सार सेकंदाला सुमारे ३० स्पंद देतो. पाच तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार ३०.९ हर्ट्झची असते, त्यामुळे तिथे तो ठोका न राहता घुमणारा खर्ज होतो. अल्बमच्या माहितीत मात्र ‘ताऱ्याचा आवाज’ असे छापू नये. पोकळीतून आवाज येत नाही, रेडिओ लहरींची नोंद आपण ध्वनीत बदललेली असते.

चंद्राचे गणितही असेच वापरता येते. पृथ्वीवरून चंद्रापर्यंत रेडिओ संदेशाला सरासरी १.२८ सेकंद लागतात. गाण्याची गती ९४ ठेवली तर हे बरोबर दोन ठोके होतात. एका गायकाची ओळ डावीकडे आणि तिचे उत्तर चार ठोक्यांनी उजवीकडे, एवढ्यावर जाण्यायेण्याचे अंतर कानाला कळते. मग शब्दांत पुन्हा ‘दूर दूर अंतराळी’ लिहिण्याची गरज राहत नाही. (आकाशगंगा, कृष्णविवर आणि अनंत हे तीन शब्द वर्षभर बंद ठेवले तर मराठी स्पेस रॉकचे भलेच होईल.)

आता सांध्याकडे. सांध्याला लय बदलायची असते, सूर बदलायचा असतो आणि ऐकणाऱ्याला एका जागेतून दुसरीकडे न्यायचे असते. लयीचे काम सोपे. ८४ वरून ९४ वर जाताना गती हळूहळू वाढवली की ती घाई वाटते. त्याऐवजी ड्रम पूर्ण काढून घ्यावेत. दहा-बारा सेकंद ठोका नसला की कान जुनी लय सोडतो.

सुरांचे काम अवघड आणि तिथेच आपल्याकडे तानपुऱ्याची सोय आहे. समजा पहिले गाणे काळी एकमध्ये आहे आणि दुसरे पांढरी चारमध्ये. काळी एकचा शुद्ध गंधार म्हणजेच पांढरी चारचा षड्ज. पहिल्या गाण्याच्या शेवटी सिंथवर (इलेक्ट्रॉनिक वाद्यावर) गंधार धरून ठेवायचा, खालचा षड्ज हळूहळू काढून घ्यायचा आणि त्याच सुरावर दुसऱ्याचा तानपुरा उगवू द्यायचा. कागदावर हे निर्दोष आहे. प्रत्यक्षात घोटाळा होतो तो असा: तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार हा षड्जाचा पाचवा स्वरांश, म्हणजे पाचपट कंपनांचा सूर. षड्ज १३८.६ हर्ट्झ असेल तर तो ६९३ वर बोलतो. सिंथचा गंधार त्याच सप्तकात ६९८.५ वर असतो. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला साडेपाच हेलकावे येतात आणि स्वप्नाळू म्हणून केलेली जागा बेसूर वाटते. म्हणून तानपुरा चालू असेपर्यंत पॅडने (सिंथच्या लांब सुराने) षड्ज-पंचमच धरावेत किंवा सिंथचा गंधार १४ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरवावा. उतरवला तर पुढचे गाणे एकदम चढ्या सुरात सुरू झाल्यासारखे वाटते, म्हणून सांध्यातल्या दहा-पंधरा सेकंदांत तो पुन्हा १४ सेंट वर सरकवायचा. ज्याला परीक्षणात नुसता लांबलेला सूर म्हटले आहे, त्यात बहुधा असे काहीतरी चाललेले असते.

गायनाबाबत थोडक्यात. ‘चांदणे’ किंवा ‘जाग’ यांतले दंत्य उच्चार आणि ‘स’ ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये फुटतात. सहा सेकंदांच्या रिव्हर्बमध्ये त्यांची फसफस मागे राहते. डीएसर (ही फसफस दाबणारे साधन) मूळ आवाजावर न लावता रिव्हर्बला जाणाऱ्या सेंडवर (आवाजाच्या प्रतीवर) लावावा, प्री-डिले (रिव्हर्ब सुरू होण्याआधीचा विराम) ४० ते ६० मिलिसेकंद ठेवावा आणि रिव्हर्बमधून परत येणाऱ्या आवाजातले ३०० हर्ट्झच्या खालचे काढून टाकावे. एवढे केले की शब्द कळतात. शेवटी सगळे मिक्सिंग एकदा मोनोत, म्हणजे डावे-उजवे एकत्र करून, ऐकावे. कोरस इफेक्ट लावून रुंद केलेली गिटार एका स्पीकरच्या ब्लूटूथ डब्यात चक्क नाहीशी होऊ शकते, कारण डावी-उजवी बाजू एकमेकींना खोडतात.

इतके करूनही सांधा तुटतो तो फाइल बनवताना. गाणी वेगवेगळ्या प्रकल्पांत मिक्स करून नंतर जोडणे ही पहिली चूक. तबकडीची एक बाजू भरेल एवढा भाग एकाच टाइमलाइनवर ठेवावा, मास्टरिंगही (मिक्सिंगनंतरची शेवटची सफाई) सलग करावे आणि मगच ट्रॅक कापावेत. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) बदलायचा असेल तर तो कापण्याआधी. सीडीसाठी काप सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागावर, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला ५८८ सॅम्पलच्या पटीत पडला पाहिजे. एमपी३ मात्र १,१५२ सॅम्पलच्या चौकटीत चालते आणि टोकांना शांततेची भर घालते. सलग सुरात पडणारी ती बारीक उचकी यामुळेच. म्हणून वितरकाला वेव्ह किंवा फ्लॅक (आवाजात काटछाट न करणारी) फाइल द्यावी. काही सॉफ्टवेअर प्रत्येक कापाच्या टोकाला आपोआप १० मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळू चढवणे-उतरवणे) लावतात, तो बंद करून ठेवावा. काप शक्यतो ड्रमच्या ठोक्याच्या किंचित आधी घ्यावा, म्हणजे ते गाणे सुटे ऐकणाऱ्यालाही स्वच्छ सुरुवात मिळते.

मधला तुकडा वेगळा ट्रॅक करावा का? आमच्या मते नाही. स्पॉटिफाय गाणी सुमारे उणे १४ एलयूएफएस (जाणवणाऱ्या आवाजाचे माप) या पातळीला आणते. अल्बम क्रमाने ऐकला तर आतली चढउतार टिकते, पण शफलवर (उलटसुलट क्रमात) प्रत्येक ट्रॅकची पातळी स्वतंत्रपणे ठरते. मग दीड मिनिटाची हलकी कुजबुज शेजारच्या गाण्याइतकी मोठी होऊ शकते. शिवाय ३० सेकंदांखाली ऐकलेले मोजले जात नाही आणि २०२४ पासून वर्षात १,००० वेळा न ऐकलेल्या ट्रॅकला मानधन नाही. मधला तुकडा आधीच्या गाण्याच्या शेपटाला जोडलेला बरा. पूर्ण अल्बम यूट्यूबवर टाकताना मध्येच येणाऱ्या जाहिराती बंद कराव्यात. आठ मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओत त्या येऊ शकतात आणि सांध्यातच आल्या तर वर लिहिलेला सगळा खटाटोप वाया.

तबकडी काढायचा विचार असेल तर गाण्यांचा क्रमच बदलावा लागतो. बारा इंची तबकडीच्या एका बाजूला २० मिनिटांच्या पुढे गेले की आवाजाची पातळी कमी करावी लागते. बाहेरच्या कडेला खोबण सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर सरकते, आत शेवटी जेमतेम वीस-एकवीस सेंटीमीटर. त्यामुळे आतल्या भागात तीव्र स्वर फाटतात. आणि स्पेस रॉक बँडचा सर्वांत मोठा कल्लोळ नेमका शेवटच्या गाण्यात असतो! तो दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला आणून शेवट शांत ठेवावा. खर्ज १२० हर्ट्झच्या खाली मोनो करावा, नाहीतर सुई उडते.

पुण्यात घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू झाले की संध्याकाळी गायन मुद्रित करण्याचा हट्ट सोडावा. भिंतीला चिकटवलेला दोन इंची फोम खोलीतला खणखणाट कमी करतो, बाहेरच्या ढोलाचा खर्ज तो अडवत नाही. त्याला जड भिंत आणि दरवाजाच्या फटी बुजवणेच हवे. प्रयोगाच्या वेळी प्रकाशाच्या डिमरमुळे गिटारमध्ये गुणगुण येते. दिव्यांची आणि ध्वनीची वीज वेगवेगळ्या फेजवरून घ्यावी आणि सिग्नलच्या वाटेत ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स (विजेची थेट जोड तोडून फक्त सिग्नल पुढे देणारा डबा) टाकावा. प्लगची अर्थिंगची पिन काढून गुणगुण थांबवण्याचा प्रकार अजूनही चालतो. त्यात गायकाच्या ओठाला माइकचा शॉक बसतो आणि जीवही जाऊ शकतो. खुल्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद करावे लागतात, त्यामुळे ४५ मिनिटांचा अल्बम सलग वाजवायचा असेल तर सव्वानऊच्या आत पहिला सूर लागला पाहिजे.

हक्कांविषयीही थोडक्यात. नासाच्या बहुतेक ध्वनिफितींवर स्वामित्वहक्क नसतो, पण तिचे बोधचिन्ह वापरता येत नाही. आकाशवाणीचे जुने निवेदन मात्र परस्पर उचलू नये, कारण भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो आणि त्यातल्या शब्द-चालीचा कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. गीतकार आणि संगीतकारांनी आयपीआरएस या त्यांचे मानधन गोळा करणाऱ्या संस्थेकडे नोंदणी करून ठेवावी.

मराठी कानांना हे संगीत परके आहे, असा सूरही त्या परीक्षणात होता. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि ५५ भाषांतल्या अभिवादनांत मराठीही आहे. व्हॉयेजर १ वरची ती तबकडी आता इतकी दूर आहे की तिथून संदेश पृथ्वीवर पोचायला २३ तासांहून अधिक लागतात.

खरखरीच्या आड कच्चे मिक्सिंग लपवणारे बँडही आहेत आणि त्यांना परीक्षणात जरूर झोडपावे. ते ओळखायला सोपा उपाय आहे: मधला तुकडा वगळून दोन्ही गाणी लागोपाठ वाजवा. काहीच खटकले नाही तर तो तुकडा खरोखर भरताड होता. आपल्या पुरवणीला विनंती एवढीच की, अशा परीक्षणाखाली अल्बमची एकूण लांबी, मिक्सिंग आणि मास्टरिंग करणाऱ्यांची नावे आणि तो कशावर ऐकला हे एका ओळीत छापावे. शफल चालू होते की बंद, तेही.

— काही ध्वनिमुद्रक व वादक, पुणे